पारड्यातलं पोतं

"ईस शेर? येकदम ईस शेर कापलं?" आकारामने नानासोंच्या वहीवर हात आपटला. "आमी काय चोरीची हळद आणलीया व्हय?"

मी डबा घेऊन दारात थबकले. चव्वेचाळीस साल, मी दहा वर्षांची. सांगलीच्या पेठेतल्या या अडतीवर माझे वडील, तात्या, तोलार होते. साताऱ्यात ते तोलायचे ती अडत बंद पडल्यावर चार महिने ते घरी बसून होते. ही नोकरी लागून सहा महिने झाले होते.

मालक नानासो गादीवरून हलले नाहीत. "तात्या, समजवा ह्याला."

तात्या एकेक पोतं तोलून वजन पुकारायचे, नानासो लिहायचे. वही तात्यांनी कधी पाहिली नव्हती.

"आकाराम, बारदान कोणी हळदीच्या भावानं घेईल का? पोत्यामागं एक शेर त्याचा. दर पोत्याला एकेक काढा, नाहीतर वीस पोत्यांची बेरीज करून एकदम वीस काढा. उत्तर तेच."

आकारामने बोटांवर मोजून पाहिलं. "आवं, मग आदीच सांगायचं की! उगाच वही बडवली म्या." भोवतीचे शेतकरी हसले.

तात्या हसले नाहीत. ते काट्याकडे बघत होते. वजनांच्या पारड्यात, मणाच्या वजनाखाली, एक रिकामं पोतं घडी करून ठेवलेलं होतं. साताऱ्याची ती रीत. समोर रिकामं पोतं घातलं की बारदान, म्हणजे पोत्याचं वजन, तिथेच फिटलं, वहीत काही कापायचं नाही. सवयीने तात्या ते रोज सकाळी घालत होते. आणि इथे वहीही कापत होती.

नानासोंनी त्यांची नजर पाहिली. आवाज खाली आणून म्हणाले, "गडी गप झालाय. तुम्हीही व्हा. पोरगी डबा घेऊन आलीय, जेवून घ्या."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. डब्याकडे पाहिलं. मग वाकून पारड्यातलं पोतं ओढून काढलं.

"आकाराम, थांबा. बारदान इथंही गेलं, वहीतही गेलं. तुमची वीस शेर, म्हणजे अर्धा मण, हळद निघते. चूक माझ्या हातची."

"म्हंजी मागल्या खेपंला बी?" मागून एकजण म्हणाला.

"मागल्या खेपेलाही."

दोघं-तिघं शेतकरी वहीकडे सरकले. नानासोंनी वही मिटली. "उद्यापासून येऊ नका. आणि ते पोतंही घेऊन जा."

तात्यांनी पोत्याची नीट घडी घातली, काखेत धरलं. डबा माझ्याच हातात राहिला. वाटेत ते एकदाच बोलले, "आईला मी सांगतो."

या गोष्टीला कैक वर्षं झाली. तात्या वारले, त्याला महिना झाला. परवा त्यांची पेटी उघडली. धोतरांच्या तळाशी ते पोतं होतं, घड्यांमध्ये अजून पिवळं.

मी ते झटकलं नाही.