दुपारची गोळी

पोस्टमास्तरांनी दार उघडलं आणि ती काही बोलायच्या आत औषधांची पिशवी पुढे केली.

"या, तपासून घ्या."

सकाळपासूनची तिची ही तिसरी खेप होती. तीन जिने चढून धाप लागलेली, अंगावर औषधाच्या दुकानातला पांढरा कोट तसाच. गोळ्या तिनंच सकाळी दिल्या होत्या. पोस्टमास्तरांच्या बायकोला फिट येऊ नये म्हणून रोज तीन वेळा द्यायच्या. खिडकीच्या उजेडात जाऊन तिनं पाकिटावरचं नाव वाचलं, मग गोळीचा आकडा. दोनशे मिलिग्रॅम. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही दोनशेच. तरी पाकीट उलटं करून तिनं पुन्हा एकदा वाचलं.

"बरोबर आहे, काका."

"अकरा वाजताही बरोबरच होतं," ते हसले. त्यात टोमणा नव्हता. "आमच्या टपालात तुमच्यासारखी माणसं असती, तर एकही पत्र चुकीच्या घरी गेलं नसतं. वेळेवरही पोचलं नसतं म्हणा."

तीही हसली. पाकीट परत देताना मात्र तिचा हात थांबला. त्यातली एकच गोळी काढलेली होती. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून गेले होते.

"दुपारची?"

"नाही दिली अजून. एकला तुम्ही बघून गेलात खऱ्या, पण नंतर जिन्यात बराच वेळ उभ्या होतात. मला वरून दिसलं. म्हटलं, बाईंना अजून शंका आहे, पुन्हा येतीलच. तुमचं पक्कं झालं की देऊ. उगाच घाई कशाला?"

ते अगदी विश्वासानं बोलत होते. तिनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. आत्ता द्या, पुढची जरा उशिरा द्या, ते म्हणाले. आतल्या खोलीत काकू उशीला टेकून बसल्या होत्या. तिनं स्वतः पाणी आणलं, गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि स्टूल ओढून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसून राहिली.

"किती जिवाला लावून घेतेस गं," काकू म्हणाल्या आणि तिच्या कोटाची दुमडलेली कॉलर त्यांनी सरळ केली.

दोन वर्षांपूर्वी एका तान्ह्या बाळासाठी मोठ्या माणसाच्या औषधाची बाटली तिच्या हातात आली होती. पिशवीत घालता घालता तिच्याच लक्षात आलं. झालं काहीच नाही. पण तेव्हापासून गिऱ्हाईक पाठमोरं झालं की तिला वाटायचं, आपण चुकीचंच दिलं. आधी ती हाक मारून परत बोलवायची. मग फोन करायला लागली. मग घरी जायला.

नवरा त्याच दुकानात असे. वर्षभर तो एकच म्हणत होता, कुणाशी तरी बोल, एक समुपदेशक बाई आहेत, त्यांच्याकडे जा. मानसोपचाराच्या चिठ्ठ्या घेऊन येणाऱ्यांशी ती स्वतः किती मायेनं बोलायची, हे तो रोज बघत होता. स्वतःवर वेळ आली की तिचा सूर बदलायचा.

"मला काय वेड लागलंय?"

"वेड लागल्यावरच जायचं असतं का?"

"काळजीनं काम करते मी. त्यात आजवर कुणाचं नुकसान झालंय, सांग."

तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचा.

ती दुकानात परतली तेव्हा तो फळीवर बाटल्या लावत होता.

"बरोबर होतं ना?"

"बरोबर होतं."

मग तिनं झालेलं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. त्यानं हातातली बाटली खाली ठेवली.

"काकू ठीक आहेत?"

"आहेत. पण त्यात माझं काही श्रेय नाही." ती कोटाच्या बटणाशी चाळा करत राहिली. "त्या समुपदेशक बाईंचा नंबर दे."

त्यानं तो तिथल्या तिथे सांगितला. नंबर त्याला पाठ होता.

फोनवर एक तरुण आवाज होता. पहिल्यांदाच येताय का? गुरुवारी चार वाजता चालेल?

"चालेल."

"पुन्हा एकदा सांगू का?"

"नको," ती घाईनं म्हणाली. मग हळू आवाजात, "एकदाच पुरे."

फोन ठेवते न ठेवते तोच एक बाई चिठ्ठी घेऊन आल्या. खोकल्याचं औषध होतं. तिनं चिठ्ठी वाचली, बाटलीवरचं नाव वाचलं, बाटली पिशवीत घालून दिली. बाई पायऱ्या उतरून रस्त्याला लागल्या.

"गुरुवार फार लांब आहे रे," ती म्हणाली.

"तीन दिवस," म्हणत नवऱ्यानं तिच्याकडे स्टूल सरकवलं.

काउंटरची कड दोन्ही हातांनी धरून, त्या बाई कोपऱ्यावर वळेपर्यंत ती बघत राहिली. स्टुलावर ती बसली नाही, पण पायरीही उतरली नाही.