तळव्यांनी ऐकायचे गाणे

“चप्पल काढा, अप्पा,” ऋतुजा वडिलांच्या कानाशी येऊन ओरडली.

शिवप्पांनी नुसती मान डोलावली. अडतीस वर्षे यंत्रमाग चालवून त्यांचे कान गेले होते, आणि ऐकू न आलेल्या प्रत्येक गोष्टीला मान डोलावण्याची सवय तेवढी उरली होती.

“घर पेटलंय म्हटलं तरी हे मानच हलवतील,” सुंदरम्मा म्हणाल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या पायांकडे बोट दाखवले.

ऋतुजाने एक विज्ञानकथा रचली होती. तिच्यातल्या दूरच्या ग्रहावर हवा इतकी विरळ, की आवाज कानांपर्यंत पोचतच नाही. तिथले लोक जमीन वाजवतात आणि तळव्यांनी ऐकतात. त्या संगीताला तिने नाव दिले होते भुईनाद. आज दुपारी सभागृहात त्याचा पहिला प्रयोग होता. तिथल्या लाकडी फळ्यांखाली स्पीकर बसवले होते, आणि आधी अप्पांनी ऐकावे म्हणून ती आईवडिलांना सकाळीच तिथे घेऊन आली होती. शिवप्पांना एकच धास्ती: लेक विचारणार, कसे वाटले, आणि आपण पुन्हा खोटी मान डोलावणार.

ते अनवाणी फळीवर चढले. ऋतुजाने कळ दाबली.

टाचांतून काहीतरी वर सरकले, पोटऱ्यांत भरले. शिवप्पांचे डोळे मिटले. मान हलली नाही.

“थांबव.”

ऋतुजाचा चेहरा उतरला.

“चार माग हायती. तिसरा लंगडतोय. धोटा इकडनं तिकडं फेकणारा पट्टा ढिला हाय.”

ती बघतच राहिली. अप्पांच्या कारखान्याच्या शेवटच्या दिवशी, कुणालाही न सांगता, तिने मोबाइल फरशीवर ठेवून मागांचा आवाज टिपला होता. पुढच्याच आठवड्यात ते माग भंगारात गेले.

“तो ठोका काढू का?” तिने कानाशी येऊन विचारले.

“कशापायी? माझाच माग हाय त्यो. लई खोडीचा. वाजू दे की.”

“उद्यापासनं मीबी फळीवर पाय आपटूनच बोलते,” सुंदरम्मा म्हणाल्या.

दुपारी सभागृह भरले. अनवाणी माणसे चुळबुळत होती; कुणाला ठेका सापडेना. मग एकेकाचे लक्ष शिवप्पांच्या पायांकडे गेले. लंगड्या ठोक्याच्या क्षणभर आधी त्यांचा अंगठा नेमका उचलला जाई. हळूहळू साऱ्या रांगेचे अंगठे उचलले जाऊ लागले, आणि रांगेतून हसू पसरत गेले.

प्रयोग संपला. लोक चपला शोधू लागले. शिवप्पा फळीवरच उभे होते. ऋतुजाने काही विचारले नाही. आपल्या चपला काढून ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

स्पीकर केव्हाच बंद झाले होते. तरी अप्पांचा अंगठा अजून उचलत, टेकत होता, आणि तिच्या तळव्यांखाली फळी हलकेच वाजत होती.