एका हाकेला दोन ओ

मी एक जुनं कार्ड आहे, मित्रांनो. पत्त्यांतलं नव्हे, लग्नातलंही नव्हे. मी गणकयंत्राचं कार्ड. पंज्याएवढी पट्टी, अंगावर तांब्याच्या रेषा, पोटावर चार ट्रान्झिस्टर आणि एका कडेला सोनेरी दात. हे दात यंत्राच्या खाचेत बसले की माझी नोकरी सुरू.

माझा जन्म परदेशातला, पण अक्कल आली ती बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत. साल १९६१. यंत्रानं 'चार' अशी हाक दिली की मी ओ द्यायची आणि कागदी फितीला भोकं पाडणारं यंत्र चालू करायचं, एवढंच माझं काम. कुठल्या हाकेला ओ द्यायची, हे माझ्या पाठीवरच्या एका इवल्या तारेनं ठरलेलं. तीन वर्षांत एकही हाक चुकवली नाही. पाहुणे आले की कौतुक यंत्राचं होई. मी ते मनाला लावून घेतलं नाही. फक्त लक्षात ठेवलं.

मग १९६४ साली छपाईचं यंत्र आलं आणि त्याच्यासाठी माझ्या शेजारच्या खाचेत एक नवं कार्ड. विभागप्रमुख नरसिंहरावांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. मला तोवर कुणी फुंकरही घातली नव्हती.

सोमवारी बटण दाबलं. छपाईचं यंत्र खडखडू लागलं, आणि त्याच क्षणी फितीचं यंत्रही धडाधड भोकं पाडू लागलं. कागदावर उमटली ती कुठल्याच भाषेत न बसणारी अक्षरं, आणि सगळं ठप्प. मेकॅनिक देवाप्पानं माझे दात खोडरबरनं घासले. खाचा बदलून पाहिल्या. उपयोग नाही. मला काढलं की नवं कार्ड छान चाले. झालं, निकाल लागला: जुनं बिघडलं. नव्याला काढलं की मीही छान चालतो, हे मात्र कुणी पाहिलं नाही.

पाहिलं ते एकट्या वसुमतीनं. फिती तयार करणारी ही मुलगी सहा महिन्यांच्या कच्च्या नोकरीवर होती. शनिवारी संचालक येणार होते. दोन्ही यंत्रं एकत्र चालली तर तिची जागा कायम. नाहीतर जागाच बंद आणि काम मुंबईला. माझ्याऐवजी दुसरं कार्ड मागवावं, तर चार महिने.

त्या आठवड्यात मला नावं ठेवणारे नऊ जण मी मोजले. त्यांतल्या सात जणांनी मला पाहिलंही नव्हतं.

गुरुवारी नरसिंहराव म्हणाले, टाकून द्या ते. वसुमतीनं विचारलं, घरी नेऊ का? न्या, म्हणाले, डुगडुगत्या पाटाखाली घालायला बरं. तिनं मला रुमालात गुंडाळलं आणि डब्याच्या पिशवीतून बसनं येलहंक्याला नेलं.

वसुमतीचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. मुलं वडिलांना अण्णा म्हणत. शेजारची कमला मात्र वसुमतीच्या थोरल्या भावाला, पद्माकरला, अण्णा म्हणे; कन्नडमध्ये अण्णा म्हणजे मोठा भाऊ.

संध्याकाळी वसुमती मला खिडकीशी धरून निरखत होती. तेवढ्यात कमलानं कुंपणापलीकडून हाक मारली, "अण्णा, स्वल्प बन्नी." जरा इकडे या. वडील झोपाळ्यावरून उठले, पद्माकर आतून धावला, आणि दारात दोघं एकमेकांवर आदळले. चष्मा खाली पडला. तुला नाही मला बोलावलं, अशी वादावादी तिथंच सुरू झाली. कमला बाहेर ताटकळलेली.

आई कृष्णाबाई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "एक हाक, दोन ओ, आणि काम शून्य."

सगळे हसले. वसुमती हसली नाही. तिनं मला उलटं केलं आणि माझ्या पाठीवरच्या तारेकडे बघत राहिली.

शुक्रवारी तिनं मला परत नेलं आणि नवं कार्ड उलटून पाहिलं. त्याचीही तार चारवरच. दोघंही धडधाकट, नाव तेवढं एक.

नरसिंहराव म्हणाले, नव्याला हात लावायचा नाही, जुन्याचाच नंबर बदला. पण यंत्राला हुकूम देणाऱ्या तीन वर्षांच्या दोनशे फिती मला 'चार' म्हणूनच हाक मारत होत्या. त्या साऱ्या एका दिवसात कोण बदलणार?

वसुमती जागची हलली नाही. "सर, नवी सून आली की आपण तिचं नाव बदलतो. तेव्हा कुणी म्हणत नाही, नव्याला हात लावू नका."

नरसिंहरावांच्या घरी मागच्याच महिन्यात सून आली होती. तांदळात तिचं नवं नाव लिहून घ्यायला ते स्वतः पुढे होते. ते थोडं खोकले.

"सरी," म्हणाले, म्हणजे बरं. "तार जपून काढा."

देवाप्पानं नव्याची तार सहावर जोडली. शनिवारी संचालकांसमोर 'चार' म्हटलं की मी ओ देत होतो आणि 'सहा' म्हटलं की तो. कागदावर अक्षरं सरळ उमटली. आम्ही दोष शोधला, असं नरसिंहरावांनी सांगितलं. त्या 'आम्ही'त ते स्वतः किती होते, मला ठाऊक आहे. पण वसुमतीची जागा कायम झाली, म्हणून मी गप्प बसलो.

आज १९६९. ते यंत्र मोडीत निघालं, मी वसुमतीच्या टेबलाच्या खणात आहे. मित्रांनो, एवढंच मागतो. दोघं एकत्र आल्यावर भांडू लागले, तर म्हाताऱ्याला लगेच बाहेर काढू नका. एकेकट्याला चालवून बघा. नव्याला आत घेण्याआधी त्याची तार पाहा, आतल्याचीही पाहा. पाच मिनिटांचं काम. त्या आठवड्यात ते कुणी केलं असतं, तर मला येलहंका पाहायला मिळालं नसतं, हे खरं. पण एका मुलीचे पाच दिवस जीव मुठीत धरून गेले नसते.