अलीझाच्या पोटातली नळी

मी अलीझाच्या पोटातली नळी बोलतेय. नाक मुरडू नका. साचलेला पू बाहेर काढणं हाच माझा धंदा, आणि मला त्याची लाज नाही.

कारखान्यातून पाकिटात बंद होऊन मी लातूरच्या एका दवाखान्यात आले. माझ्या जातीला माणूस एकदाच भेटतो. मला नववीतली अलीझा भेटली. लातूरजवळच्या मुरुडच्या महेबूब टेलरची लेक. क्लाससाठी आईबरोबर, म्हणजे हुमाबरोबर, लातुरात खोली करून राहिलेली. क्लास बुडू नये म्हणून तिनं दुखणारं पोट दोन दिवस लपवलं, तोवर अपेंडिक्स फुटलं. ऑपरेशन झालं आणि आठवड्यानं पुन्हा ताप भरला. आत पू झाला होता. पुन्हा पोट उघडायला नको म्हणून डॉक्टरांनी सोनोग्राफीत बघत बघत मला बारीक छिद्रातून आत सरकवलं.

शिरेतून औषध जात होतं, इकडून मी पू काढत होते. माझ्या बाहेरच्या टोकाला लावलेली पिशवी भरू लागली, ताप उतरू लागला. हुमा पिशवी बघून तोंड फिरवायची. आईचं काळीज ते, मी मनावर घेतलं नाही.

डॉक्टर म्हणाले, पिशवीत येणं थांबलं की सुट्टी. अलीझानं नेमकं तेवढंच ऐकलं. रविवारी क्लासची परीक्षा होती, तिच्यावर वरची बॅच ठरणार होती. शुक्रवारी सकाळी तिनं चादरीखाली मला दुमडलं आणि वर केसांची क्लिप लावली.

पिशवी कोरडी बघून हुमानं मुरुडला फोन केला, पोरगी बरी झाली म्हणून. मी ओरडणार तरी कशी? गळाच आवळलेला. दुपारी अलीझाला हुडहुडी भरली. मल्लम्मा सिस्टरनं चादर बाजूला केली आणि क्लिप बघितली. आता हिची खैर नाही, असं मला वाटलं. पण सिस्टरनं मुकाट्यानं क्लिप काढली, डॉक्टरांना कळवलं, मला धुऊन मोकळं केलं आणि बापाला बोलावून घेतलं.

महेबूब आला, तिच्या उशाशी बसला. मग म्हणाला, "बेटा, शर्ट बिघडला तर मी नवा शिवून देतो. तू गेलीस तर कुठून आणू?"

शनिवारी संध्याकाळी ताप नव्हता. डॉक्टरांनी पोट दाबून विचारलं, दुखतंय का? नाही म्हणाली असती तर परीक्षेपुरती तरी सोडली असती. हुमासुद्धा आशेनं बघत होती. अलीझानं डोळे मिटले.

"हाव, दुखायलंय. उजवीकडं, लई आत."

मला त्या पोरीचा फार अभिमान वाटला.

परीक्षा तिच्याविना झाली. बुधवारी पिशवी खरोखरच कोरडी राहिली, सोनोग्राफीतही काही दिसलं नाही. मल्लम्मानं तिला श्वास रोखायला सांगून मला ओढून काढलं.

आता मी दवाखान्याच्या कचऱ्याच्या लाल पिशवीत पडलेय, इथून वाफेच्या भट्टीत जाईन. जाता जाता एवढंच मागते, लेकरू दुखतंय म्हणालं तर आधी पोट बघा, परीक्षा मागून. अलीझा मघाशी समोरून चालत गेली. ताठ, पोटावर हात न धरता. माझ्याकडे तिनं वळूनही बघितलं नाही, आणि मला तेच हवं होतं.