कुसाबाईची खाली मान

१९८८ च्या फेब्रुवारीत पिंपळगाव बसवंतच्या आमच्या द्राक्षांच्या शीतगृहात कॉम्प्युटर आला आणि त्याच्यामागून त्याचे प्रोग्राम लिहायला नाशिकहून लताबाई आल्या. यंत्राला गार हवा लागे, लताबाईंना गरम चहा. दोन्हींची सोय माझ्याकडे, कारण कारकून मी.

चेअरमनांनी मुदत घातली, "शनिवारी बाराच्या ट्रकचा गेटपास यंत्रानं आपणहून काढायचा. नाही तर यंत्र खोक्यात आणि बाई, तुम्ही नाशिकच्या गाडीत."

लताबाईंची ही पहिलीच नोकरी.

यंत्रात दोन प्रोग्राम एकाच वेळी चालत. पहिला पेट्या मोजायचा आणि ट्रक भरला की दोघांच्या सामाईक जागेत शून्याचा एक करायचा. दुसऱ्यानं त्या जागेवर नजर ठेवायची, एक दिसला की गेटपास छापायचा. शुक्रवार उजाडला तरी पहिला एक करून मोकळा आणि दुसरा ढिम्म.

गंमत अशी, की हा करतोय तरी काय ते बघायला लताबाईंनी त्याला दर फेरीला पडद्यावर 'थांबलोय' असं लिहायला लावलं, तर गेटपास फटकन बाहेर! ती ओळ काढली की पुन्हा ढिम्म.

"राहू द्या ना ती ओळ," मी म्हटलं. "चेअरमन बघत असले की आमचे लोकही असेच कामाला लागतात."

"का चालतं ते कळल्याशिवाय नाही ठेवणार, भाऊसाहेब."

मी चहा पुढं केला. एवढ्या हट्टी माणसाला दुसरं काय द्यायचं?

शनिवारी अकराला पॅकिंगच्या शेडमध्ये आरडाओरडा झाला. ट्रकपुरत्या पेट्या भरून झाल्या की मुकादम कोंडाजी खांबाला लाल फडकं बांधतो आणि पेट्या भरणाऱ्या बाया हात थांबवतात. आज फडकं तासभर फडकत होतं आणि कुसाबाईच्या मागं जास्तीच्या साठ पेट्या उभ्या होत्या.

"फडकं दिसत नाय का तुला?" कोंडाजी ओरडला.

"सकाळी बघितलं व्हतं. नव्हतं बांधलेलं."

"सकाळी नव्हतं! आता हाय ना!"

"मंग मान कशापायी वर करू, मुकादम? रोज तुम्ही घडीघडी येऊन इचारायचे, कुसाबाई, पाणी पिली का. बोलायला मान वर केली की फडकं दिसायचं. आज तुम्हीच म्हनले, बोलणं बंद, मान खाली, काम झपाट्यानं. झालं ना झपाट्यानं?"

बाया खिदळल्या. कोंडाजीचा चेहरा फडक्याच्या रंगावर गेला. लताबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

"मीच सांगितलंय त्याला झपाट्यानं कर म्हणून!" असं म्हणत त्या ऑफिसकडे पळाल्या. एक चप्पल वाटेतच राहिली. ती घेऊन मी मागं.

"प्रोग्राम तयार करताना मी वेगाचा पर्याय लावला होता," त्या धापा टाकत म्हणाल्या. "म्हणून दुसऱ्यानं सुरुवातीला एकदा शून्य पाहिलं, स्वतःजवळ उतरवून घेतलं आणि तेच बघत बसला. 'थांबलोय' लिहायला त्याला बाहेर हाक मारावी लागते. तिथून परतला की मूळ जागी पुन्हा बघतो."

"म्हणजे पाणी पिली का."

"अगदी तेच!"

मग त्यांनी ती जागा वाचायचं काम प्रोग्रामच्या एका वेगळ्या छोट्या तुकड्याकडे सोपवलं. दर फेरीला मूळ जागी जाऊन बघायचं, जवळच्या उताऱ्यावर विसंबायचं नाही.

बाराला चेअरमन आले. शेवटची पेटी चढली. लताबाईंनी श्वास रोखला, मीही रोखला. प्रिंटर करकरला आणि गेटपास बाहेर आला. चेअरमनांनी कागद उलटा करून बघितला, कडेची भोकं चाचपली, एवढ्या जाणकारीनं की आम्हाला हसू आवरेना.

"ठीक आहे. यंत्र राहील," ते म्हणाले. "बाईसुद्धा."

पेढे लताबाईंनी आणले. पहिला कुसाबाईला.

"कशापायी, बाई?" तिनं विचारलं.

"मान खाली ठेवल्याबद्दल."

कोंडाजी पेढा चघळत म्हणाला, "कुसाबाई, खांब लांब पडतो. फडकं तुझ्या नाकासमोरच बांधत जाऊ का?"

"नको," कुसाबाई म्हणाली. "तुम्ही आपलं पाणी इचारत जा."

तेव्हापासून कोंडाजी दर पाव तासाला विचारतो. ट्रक नसला तरी.