लादीचं पाणी

मी एक जुना टोचा आहे. बर्फ फोडायचा. मित्रांनो, माझा जन्म मोठा प्रेमळ होता. सटवा लोहाराने मला आधी भाजलं, मग बडवलं, मग चर्र करून पाण्यात बुडवलं आणि वर ‘पोरगं झ्याक झालं’ असं म्हणाला. मला बाभळीची मूठ बसवली आणि घाटनांदूरच्या स्टेशनसमोर रुद्रप्पांच्या सोडा-सरबताच्या दुकानात पाठवून दिलं.

तिथे माझं काम एकच, भोसकणं. दर तिसऱ्या दिवशी लातूरकडून ट्रकमधून गोणपाटात गुंडाळलेल्या बर्फाच्या दोन लाद्या यायच्या. रुद्रप्पा त्या लाकडी पेटीत भुशाखाली झोपवायचे आणि गिऱ्हाईक आलं की माझ्याकडून एक कोपरा फोडून घ्यायचे. बर्फ ओरडत नाही, त्यामुळे मला कधी वाईट वाटलं नाही. लग्नसराईत तर लोक माझं टोक बघून ‘वा, काय धार!’ म्हणायचे. मी फुगायचो. लोखंडाला फुगता येत नाही, तरी फुगायचो.

त्या पेटीच्या बुडाला एक भोक होतं आणि भोकातून चिंधीची वात लोंबत असायची. वितळलेलं पाणी तिच्यावरून थेंब थेंब खाली घागरीत पडायचं. हे पाणी छबुबाईचं, असा रिवाज होता. छबुबाई सकाळी दुकानापुढचं अंगण झाडायची आणि त्याबदल्यात रोजच्या दोन घागरी न्यायची. कुणी हे कागदावर लिहिलं नव्हतं, म्हणूनच सगळे पाळत होते.

मग ब्याण्णवचा उन्हाळा आला. विहिरींच्या तळाला भेगा पडल्या. टँकर चार दिवस आला नाही. नेमकी तेव्हाच छबुबाईची सून सुंदरबाई बाळंत झाली. मुलगी झाली. घरात ओली बाळंतीण आणि रांजण कोरडा. त्या दोन घागरींवर दोन जीव होते. त्याच आठवड्यात रुद्रप्पांच्या दुकानात एका कंपनीने काचेच्या दाराचा फ्रीज आणून ठेवला. आत चार रंगांचं थंड पेय होतं. पाण्याच्या रंगाचं मात्र काही नव्हतं.

बर्फ आला त्या दिवशी दुपारी वीस-पंचवीस माणसं रिकाम्या घागरी घेऊन दुकानापुढे जमली. पुढे अंगद होता. तालमीतला गडी, मान नसलेला. त्याने बराच वेळ त्या थेंबांकडे बघितलं. एवढा विचार त्याने आयुष्यात केला नव्हता. मग तो रुद्रप्पांकडे वळला.

“आप्पा, थेंब-थेंब कावून? आत पाणी लई हाय. फोडलं की मोकळं.”

छबुबाई पेटीला पाठ लावून उभी राहिली. “फोडू नको रं. उद्याचं अन् परवाचं पाणी हाय ते.”

अंगदने तिला कोपराने बाजूला सारलं, मला उचललं आणि दोन्ही लाद्या रस्त्यात ओढल्या. पहिल्या घावाला लादी तडकली. दहाव्याला दोन तुकडे झाले. नंतर मी मोजणं सोडलं. बर्फाच्या चिपा माणसांच्या तोंडावर उडत होत्या आणि माणसं हसत होती. खरं सांगतो, मलाही मजा येत होती. तासाभरात वैशाखाच्या उन्हाने उरलेलं काम केलं. घागरी भरल्या, कळशा भरल्या, एकाने टोपी भरली. इतकं पाणी गावाने त्या वर्षी पाहिलं नव्हतं. भांडी संपली, पाणी संपेना.

ते उताराने निघालं. उताराला, दोन पायऱ्या खाली, गहिनीनाथचं सिमेंटचं दुकान. गहिनीनाथने बर्फ मागितला नव्हता, फोडला नव्हता, थेंबभर प्यालाही नव्हता. खालच्या थरातली सोळा पोती भिजली. तो फावडं घेऊन वर आला.

“माझ्या दुकानात दर्या कुणी आणला बे?”

उत्तराची वाट न बघता त्याने फावडं फिरवलं. अंगदचे पुढचे दोन दात रस्त्यावर उरल्यासुरल्या बर्फाच्या चिपांत पडले, आणि कोणता बर्फ नि कोणता दात हे कुणालाच कळेना. अंगद रक्त थुंकत माझ्यासकट धावला. मध्ये रुद्रप्पा आले. त्यांनी नुसता हात आडवा धरला. मी त्या तळव्यातून आरपार गेलो.

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी गरम भोसकलं. तेव्हापासून मला मजा आलेली नाही.

दुसऱ्या दिवशी छबुबाईने अंगण झाडलं आणि घागर वातीखाली ठेवून बसली. वात वाळून काथ्यासारखी झाली होती. दुपारपर्यंत बसली. कालच्या घागरी एव्हाना सगळ्यांनी आंघोळीत उडवल्या होत्या. पाणी फुकट आलं की माणसाला अंग आठवतं.

शेवटी रुद्रप्पा उठले. पट्टी बांधलेल्या हाताने त्यांनी गोटी सोड्याच्या होत्या नव्हत्या तेवढ्या बाटल्या घागरीत रिकाम्या केल्या. “उकळून द्या, छबुबाई. वारा हाय त्यात.” सुंदरबाई आणि तिची लेक टँकर येईपर्यंत सोड्यावर जगल्या. लेकीचं नाव गंगासागर ठेवलं. ती आजही ढेकर मोठी देते.

मला गल्ल्याच्या खणात टाकलं. मला गंज चढला. गहिनीनाथची सोळा पोती दगड झाली; स्टँडवर लोक अजून त्यांच्यावर बसतात.

परवा चौथीतली गंगासागर दुकानात पेपर मोठ्याने वाचत होती. हिमालयावरचा बर्फ झपाट्याने वितळतोय. नद्यांना आधी पूर येतील आणि बर्फ संपत आला की उन्हाळ्यात त्या आटतील. डोंगरावरचं ते पाणी दर्याला मिळून दर्या चढेल आणि काठची गावं बुडतील. रुद्रप्पा तळव्यावरचा व्रण चोळत ऐकत होते.

“पोरी,” ते म्हणाले, “तिथं टोचा कुणाच्या हातात हाय?”

गंगासागरने पेपर उलटासुलटा करून पाहिला. नाव छापलेलं नव्हतं.

मित्रांनो, मी तर खणात आहे. तुम्ही आपापल्या मुठी जरा उघडून बघा.