रिकाम्या खुर्चीवरचा दिवा

शिडीवर उभं राहून तिने जुनी ट्यूब फिरवून सोडवली, आणि पट्टीवर वर्षानुवर्षं साचलेली धूळ सरळ हेडक्लार्कच्या चहात पडली.

"घ्या," हेडक्लार्क म्हणाले. त्यांनी कप बाजूला सरकवला आणि वर पाहिलं. "एवढंच राहिलं होतं."

"टेबल सोडा म्हणून सकाळपासून सांगतेय," ती वरूनच म्हणाली.

"टेबल सोडायला मी काय रिटायर झालोय?"

तिने ट्यूब खाली उभ्या असलेल्या शिपाईमामांच्या हातात दिली आणि नवा दिवा मागितला. असल्या बोलण्याला उत्तर देत बसलं की काम राहतं बाजूला, हे ती कधीच शिकली होती. सरकारी इमारतींमधले जुने दिवे काढून कमी विजेवर चालणारे नवे दिवे बसवायचे, हे काम खात्याने तिच्या गळ्यात घातलं तेव्हा बाकीच्या अभियंत्यांनी मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडला होता. हिने मात्र पदर खोचला. कोषागार झालं, न्यायालय झालं, मोजणी कार्यालय झालं. आता ही पेन्शन कचेरी तेवढी उरली होती. जिथे जाईल तिथे लोक तिला पाठीमागे 'उजेडबाई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं. आवडतही होतं, पण तसं दाखवलं असतं तर लोक डोक्यावर बसले असते. घरी तिचा नवरा म्हणायचा, "जरा शांत बसून पेपर वाचायची सोय नाही. हिला वाटतं खोलीत कुणी नाही, आणि दिवा घालवते."

दिव्यांना कुणाचा विरोध असतो, असं कुणालाही वाटेल. पण प्रत्येक कचेरीत विरोध असतोच. नव्या उजेडाने डोळे जळतात. डोकं धरतं. एका बाईंचे केस गळायला लागले होते, आणि तेही दिवा बसवायच्या आधीपासून. हेडक्लार्कांचं म्हणणं, या उजेडात माणूस आजारी दिसतो. "आधी दिसत नव्हतात, एवढंच," ती म्हणाली होती, आणि त्यावर सगळी खोली हसली होती. हेडक्लार्कसुद्धा हसले, पण जरा उशिरा.

खरं दुखणं दिव्यांचं नव्हतंच. ते होतं दिव्याशेजारी बसवायच्या पांढऱ्या डबीसारख्या सेन्सरचं. खोलीत माणूस असेपर्यंत दिवा चालू. माणूस उठून गेला की थोड्या वेळाने आपोआप बंद. आणि या कचेरीची रीत अशी, की सकाळी मामांनी आल्या आल्या सगळ्या खोल्यांचे दिवे लावायचे. माणूस येवो न येवो, दिवा लागला की माणूस आला. बाहेर कुणी विचारलं की मामा दाराच्या वरच्या काचेकडे बघायचे आणि सांगायचे, "दिवा आहे. इथेच कुठेतरी गेले असतील." बरं, यात खोटं बोलल्यासारखंही वाटायचं नाही. दिवा तर खरंच असायचा.

"सेन्सर सगळीकडे लागणार," तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "कुणालाही सूट नाही."

हे ती ताठ्याने म्हणाली नव्हती. मोजणी कार्यालयात तिने एकाच केबिनला सूट दिली होती, आणि बघता बघता सगळ्या सेन्सरांवर काळ्या चिकटपट्ट्या आल्या होत्या. बोट दिलं की लोक मनगट धरतात. ते काम तिला पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं होतं.

सगळ्यात शेवटी राहिली ती हयातीच्या दाखल्यांची खोली. पेन्शन चालू राहायची तर म्हाताऱ्यांनी दरवर्षी इथे यायचं आणि आपण जिवंत आहोत हे दाखवायचं. टेबलामागे ताई बसत. सगळी कचेरी त्यांना ताईच म्हणायची, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. ती शिडी घेऊन गेली तेव्हा खोलीत दिवा होता, पंखा होता, खुर्चीच्या पाठीवर शाल होती. ताई नव्हत्या. बाहेर बाकावर म्हातारी माणसं दाटीवाटीने बसली होती. काठी घेतलेल्या एका आजींनी तिला विचारलं, "अगं, दिवा आहे, मग बाई कुठंयत?"

"येतील," मामा घाईने म्हणाले.

ताई आल्या त्या दुपार कलल्यावर, धापा टाकत, पदराने मान पुसत. आल्या आल्या त्यांनी पहिली हाक त्या आजींना मारली. हात असा भराभर चालत होता की बघत राहावं. पण तोवर बाकावरची निम्मी माणसं निघून गेली होती.

त्या संध्याकाळी हेडक्लार्कांनी तिला जिन्यात गाठलं.

"त्या एका खोलीत नका बसवू."

"का?"

त्यांनी मागेपुढे पाहिलं. "ताईंचे मिस्टर अंथरुणाला खिळलेत. उजवी बाजू गेलीय. इथून चार गल्ल्यांवर घर. दुपारी जाऊन त्यांना भरवायचं, कूस बदलायची, स्वच्छ करायचं. बाई ठेवली होती, ती टिकली नाही. मुलगा परदेशी, तो फोन करतो." ते थांबले. "नवे साहेब आलेत, तुम्हाला माहीत आहे. त्यांना कळलं तर बदली तरी करतील, नाहीतर बिनपगारी घरी बसवतील. मग त्या दोघांनी खायचं काय?"

तिने कठड्यावर हात ठेवला. तिला ताईंचं वाईट वाटलं. आणि त्याच वेळी बाकावरून उठून गेलेल्या माणसांचंही वाटलं. त्यांच्यापैकी कितीजण रिक्षाने आले असतील, कितीजणांना कुणीतरी रजा काढून आणलं असेल.

"सेन्सर बसणार," ती म्हणाली.

"तुम्हाला काळीज आहे की नाही?"

"आहे. म्हणून तर तुम्ही जे सांगितलंत ते मी साहेबांना सांगणार नाही. पण खोटा दिवा मी लावून देणार नाही."

हेडक्लार्क तरातरा जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः तिथे सेन्सर बसवला. डबीच्या बाजूला एक लहानसा स्क्रू असतो. तो फिरवला की दिवा विझायला लागणारा वेळ वाढतो. पुरता फिरवला असता तर ताईंची निम्मी वेळ तरी निभली असती. पेचकस तिने त्यावर टेकवला, जरा वेळ तसाच धरला, आणि मग काढून खिशात ठेवला. खाली ताई शिक्क्यांची पेटी आवरत होत्या.

"माझ्यासाठी काही करू नका हं," त्या वर न बघता म्हणाल्या. "आमच्या हेडक्लार्क भाऊंनी तुम्हाला सांगितलंय, कळलं मला. त्यांना म्हटलं, उगीच का त्या पोरीला धर्मसंकटात टाकता? माझं मी बघेन."

"कसं बघाल?"

"ते अजून ठरलं नाही," ताई म्हणाल्या आणि हसल्या.

नव्या साहेबांची केबिन इमारतीच्या मधल्या चौकाच्या पलीकडे, वरच्या मजल्यावर होती. नवे दिवे लागल्यापासून ते खिडकीशी हात मागे बांधून उभे राहायला लागले होते. त्यांनी तिला बोलावून चहा पाजला. "उत्तम काम केलंत," ते म्हणाले. "आता मला इथूनच कळतं, कोण आहे नि कोण नाही." तिने चहा अर्धा ठेवला. दिवे बसवले ते वीज वाचावी म्हणून. माणसं पकडून द्यायला नव्हे.

कचेरीने मात्र हार मानली नव्हती. दोन दिवसांनी ती पाहणीला आली तर ताईंच्या रिकाम्या खोलीत एक टेबलफॅन मान हलवत होता. त्याला फायलींच्या लाल फिती बांधल्या होत्या. त्या झोकात फडफडत होत्या. दिवा बंद. फॅनपुढे चहाची किटली वाफा सोडत होती. मामा आणि हेडक्लार्क दारात उभे राहून वर बघत होते.

"हलतंय तर सगळं," मामा रडकुंडीला येऊन म्हणाले. "मग लागत का नाही?"

"आणि किटली?"

"कुणीतरी म्हणालं, त्याला ऊब लागते."

तिला हसू आवरेना. भिंतीला टेकून ती पोटभर हसली. हेडक्लार्कांचा चेहरा पाहून मात्र ती थांबली.

"भाऊ," ती पहिल्यांदाच त्यांना तशी हाक मारत म्हणाली, "नुसतं हलून चालत नाही आणि नुसतं गरम असूनही चालत नाही. त्याला जिवंत माणूस लागतो. पण एक सांगू? तो माणूस ताईच हव्यात, असं त्याचं काही म्हणणं नाही."

हेडक्लार्क तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी वाकून फॅन बंद केला.

शेवटच्या पाहणीच्या दिवशी दुपारी ती चौकातून आत आली तेव्हा ताईंच्या खोलीत दिवा होता. तिच्या कपाळाची शीर उठली. आता काय बांधलंय यांनी, मांजर? ती तणतणत जिना चढली आणि दारातच थबकली.

ताईंच्या खुर्चीवर हेडक्लार्क बसले होते. चष्मा नाकाच्या टोकावर. समोर काठीवाल्या आजी.

"नुसतं बसून राहायचं म्हणजे शिक्षाच हो," ते तिला पाहून कुरकुरत म्हणाले. "हात हलवायचाच, तर म्हटलं दाखले तरी द्यावेत. अंगठा नीट टेका, आजी. असा. काल आवक शाखेतला बसला होता, त्याने शिक्के उलटे मारले."

बाहेर बाकावर जागा दिसत होती. तिने शिडी लावली, वर चढली आणि तपासणीसाठी सेन्सरचा वेळ अगदी कमी केला.

तेवढ्यात साहेब आले. पलीकडच्या खिडकीतून त्यांनी काय पाहिलं होतं कोण जाणे. ते दारात उभे राहिले आणि त्यांची नजर खुर्चीवर, शालीवर, मग पुन्हा खुर्चीवर गेली.

"ही खोली ज्या बाईंची, त्या कुठे आहेत?"

कुणी हललं नाही. मामा पाण्याचा तांब्या हातात धरून दगडासारखे उभे. हेडक्लार्कांच्या हातातला शिक्का वरच्या वर. आजींनीसुद्धा अंगठा तसाच धरला. ती शिडीवर श्वास रोखून होती. खोली इतकी गप्प, इतकी स्तब्ध झाली, की दिवा विझला.

खिडकी कपाटांनी झाकलेली; वरच्या काचेच्या पट्टीतून आला तेवढाच उजेड. त्या अंधारात हेडक्लार्क बोलले. शांतपणे बोलले.

"घरी गेल्यात, साहेब. नवऱ्याला जेवू घालायला. रोज जातात. आम्ही इतके दिवस दिवा लावून ठेवत होतो, ते चुकलं. आता दिवा लावून ठेवत नाही. बसतो."

साहेबांचं तोंड दिसत नव्हतं. तिने शिडीवरून हात उंच केला आणि हलवला. दिवा लागला.

साहेबांनी डोळे मिचकावले. ते बाकाकडे वळून पाहू लागले. तिथे दोघंच उरली होती. पलीकडच्या खिडकीतून त्यांना हा बाक कधी दिसला नसणार.

"हा दिवा पुन्हा विझेल?" त्यांनी तिला विचारलं.

"खुर्चीवर कुणी बसलं नाही, तर विझेल."

खिशातला रुमाल काढून त्यांनी उगाचच चष्मा पुसला.

"मग बसा कुणीतरी," ते म्हणाले. "माणसं खोळंबलीत."

आणि बाकावरच्या आजोबांना वाट करून देत ते निघून गेले.